अडीच हजार ठेवायचे की सगळेच आणायचे?

एप्रिल २०२१. बायडन यांच्यासमोर दोन वाटा होत्या: अफगाणिस्तानात २,५०० सैनिक ठेवायचे, नाहीतर सगळेच परत आणायचे.

अमेरिकेचे वरिष्ठ सेनाधिकारी जनरल मिली आणि मॅकेन्झी यांचा कौल पहिल्या वाटेला. आकडा किरकोळ वाटतो, पण त्याच्या आडोशाने काबूलजवळचा बग्राम हवाई तळ चालू राहिला असता आणि अफगाण विमानं दुरुस्त करणारे कंत्राटी तंत्रज्ञही थांबले असते. माझ्या मते खरी मेख तिथेच. विमानच उडेना, तर डोंगरातल्या चौकीला दारूगोळा पोचवणार कोण? मात्र तालिबानशी झालेल्या दोहा करारातली, सैन्य परत नेण्याची १ मेची मुदत मोडली की तालिबान पुन्हा अमेरिकनांवर उलटणार, मग अडीच हजार कुठे पुरणार?

दुसरी वाट कागदावर सुटसुटीत. बायडन यांनी तीच धरली. जुलैच्या सुरुवातीला बग्राम रातोरात रिकामं झालं. दिवे गेले, अफगाण कमांडरला पत्ता लागला तो नंतर. १५ ऑगस्टला काबूल पडलं. आणि गंमत बघा (गंमत तरी कसं म्हणावं!), लोकांना बाहेर काढायला सुमारे ६,००० सैनिक आणावे लागले, ठेवायचे होते त्यांच्या दुपटीहून जास्त. बग्राम हातचा गेलेला. सगळी भिस्त काबूल विमानतळाच्या एकाच धावपट्टीवर.