समुद्राला लागून ७४ रात्री : स्वराज द्वीपावरील एका रिसॉर्टचा वापरानंतरचा अनुभव

गेल्या हिवाळ्यात मी आणि माझी पत्नी अंदमानातील स्वराज द्वीपावर, म्हणजे डिसेंबर २०१८ पूर्वी ज्याला हॅवलॉक म्हणत त्या बेटावर, विजयनगर किनाऱ्याला लागून असलेल्या एका रिसॉर्टमध्ये सलग ७४ रात्री राहिलो. २२ नोव्हेंबरला खोली ताब्यात घेतली आणि ४ फेब्रुवारीला सोडली. बडोद्यास परतून आता चार महिने झाले आहेत. सुटीचा अंमल पुरता उतरला आहे आणि बरोबर नेलेल्या वस्तूंचे पुढे काय झाले तेही कळले आहे, म्हणून हे आता लिहीत आहे. रिसॉर्टचे नाव मुद्दाम देत नाही. पुढे ज्या तक्रारी येतील त्यांचे मूळ बहुतांशी समुद्रात आहे, आणि त्यांचा दोष एकट्या रिसॉर्टच्या माथी मारणे बरे नव्हे.

इतके दिवस राहण्याचे कारण साधे होते. पत्नीला सायनसचा त्रास आहे आणि दिवाळीनंतर दांडिया बाजारातल्या आमच्या घरात धूळ आणि धूर तिला सोसत नाही. मी निवृत्तीनंतर कारखान्यांचे तपासणी अहवाल लिहितो, ते लॅपटॉप उघडेल तिथे लिहिता येतात. महिन्याच्या बोलीने खोली घेतल्यामुळे दर रोजच्या भाड्याच्या जवळपास निम्म्यावर आला. मराठी माणूस अंदमानात उतरला की आधी सेल्युलर जेल पाहतो, तसे आम्हीही पाहिले आणि दुसऱ्या दिवशी बोटीने बेटावर गेलो.

मी ३१ वर्षे एका रासायनिक कारखान्याच्या देखभाल विभागात काढली. त्यामुळे दार उघडून दिल्यावर पत्नी समुद्राकडे पाहत राहिली आणि मी बिजागऱ्यांकडे. खोली पहिल्या रांगेतली होती, लाकडी भिंतींची, पुढे ओसरी, आणि ओसरीपासून भरतीच्या रेषेपर्यंत मोजून २५ पावले. पाहिल्याबरोबर पैसे वसूल झाल्यासारखे वाटावे अशीच ती खोली होती, आणि पहिले दहा दिवस तसे वाटलेही. मात्र भिंतीतल्या प्रत्येक स्क्रूखाली तपकिरी ओघळ होता, तो मी पहिल्याच संध्याकाळी पाहून ठेवला होता.

समुद्रकाठच्या खोलीत खरा मुक्काम मिठाचा असतो. लाटा फुटताना त्यांतले बुडबुडे फुटतात, अतिसूक्ष्म तुषार हवेत उडतात आणि वाऱ्यावर आत येऊन प्रत्येक पृष्ठभागावर बसतात. साध्या मिठाला हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की पाणी सुटते. समुद्राच्या मिठातले मॅग्नेशियम क्लोराईड तर याहून कितीतरी कोरड्या हवेतही ओलावा ओढते. म्हणजे मिठाचा थर एकदा बसला की तो जवळजवळ कधीच वाळत नाही, आणि धातूच्या अंगावर दिवसरात्र ओले फडके गुंडाळून ठेवावे तसा परिणाम होतो. चष्मा दर दोन तासांनी पुसावा लागे. पंचे दोरीवर दोन दिवस टांगले तरी चिकटच राहत, कारण सुकण्यापूर्वीच त्यांवर नवे मीठ बसत असे. बडोद्याहून नेलेली भाकरवडी चौथ्या दिवशी सादळली. बडोद्याचा लीलो चिवडो मुळातच ओलसर, त्यामुळे त्याचे काही बिघडले नाही; मुक्कामात तक्रारीला जागा न देणारी तेवढी एकच वस्तू होती.

न्हाणीघरातल्या दांड्या आणि नळ चकचकीत होते, पण त्यांवर चहाच्या डागांसारखे ठिपके उमटलेले होते. हे ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे लक्षण. बाजारात ‘स्टेनलेस’ म्हणून विकले जाणारे बहुतेक स्टील ३०४ असते आणि बडोद्यात ते आयुष्यभर टिकते. समुद्रकाठी मात्र क्लोराईड त्याला टोचून टोचून खड्डे पाडते. तिथे ३१६ लागते, ज्यात दोन ते तीन टक्के मोलिब्डेनम हा धातू असतो आणि जे साहजिकच महाग असते. रिसॉर्टच्या मालकाने छपरासाठी उत्तम लाकूड आणले आणि स्क्रू स्वस्त घेतले, हा हिशेब मला कारखान्यातल्या कैक कंत्राटदारांमुळे पाठ आहे.

तिसऱ्या आठवड्यात एसी थंड करेनासा झाला. माणूस आला, गॅस कमी झाल्याचे सांगून गॅस भरून गेला. पाच दिवसांनी पुन्हा तेच. मी मागे जाऊन बाहेरचे युनिट पाहिले, तर ते थेट समुद्राकडे तोंड करून बसवलेले होते. कॉइलच्या ॲल्युमिनियमच्या पात्या बोट लावताच पांढऱ्या भुकटीसारख्या झडत होत्या. तांब्याची नळी, तिच्यावर ॲल्युमिनियम आणि मध्ये खारे पाणी म्हणजे एक लहानशी बॅटरीच. तिच्यात झिजते ते ॲल्युमिनियम. पात्या गेल्या की उष्णता बाहेर पडत नाही, मग गॅस कितीही भरा. व्यवस्थापकांना मी म्हटले की ही युनिटे दर आठवड्याला गोड्या पाण्याने धुऊन काढा. ते सौजन्याने ‘हो सर’ म्हणाले आणि काहीही झाले नाही. शेवटी मी स्वतःच बादली घेऊन गेलो, तेव्हा बागकाम करणारा मुलगा संकोचून धावत आला आणि तिथून पुढे तो दर सोमवारी आपणहून धूत राहिला. एसी त्यामुळे नवा झाला नाही, पण आणखी बिघडलाही नाही.

तेविसाव्या दिवशी आम्ही खोली बदलून घेतली, आणि या संपूर्ण मुक्कामातला माझा सर्वांत शहाणपणाचा निर्णय तोच ठरला. दुसऱ्या रांगेतली खोली किनाऱ्यापासून जेमतेम ६० मीटर आत होती, आणि तिच्या पुढे समुद्री महुआची चार जुनी झाडे व केतकीची दाट जाळी होती. वाऱ्यातले मीठ ही झाडे गाळून घेतात. चष्मा दिवसातून एकदा पुसला तरी पुरू लागले, पंचे संध्याकाळपर्यंत वाळू लागले आणि लाटांचा आवाज झोप मोडण्याइतका राहिला नाही. समुद्र दिसत नव्हता असे नाही, फांद्यांमधून तुकड्यातुकड्याने दिसत होता. भाडे पहिल्या रांगेपेक्षा कमी होते, आणि ते कमी का असावे हे मला आजही कळलेले नाही. चार दिवसांसाठी येणाऱ्याने पहिली रांग खुशाल घ्यावी. महिनाभर राहणाऱ्याने झाडामागची खोली मागून घ्यावी.

खोली निवडताना बेटाची बाजूही पाहावी लागते, हे आम्हाला तिथे गेल्यावर समजले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात वारा ईशान्येकडून येतो आणि विजयनगर पूर्वाभिमुख असल्यामुळे तो सरळ अंगावर घेतो. त्याच दिवसांत पश्चिमेकडचा राधानगर किनारा बेटाच्या आडोशाला शांत असतो. मे महिन्यात नैर्ऋत्येचा पाऊस सुरू झाला की हे चित्र उलटे होते.

पाण्याचा प्रश्न जाहिरातीत कुठेच नसतो. रिसॉर्टची स्वतःची विहीर होती आणि कमी पडले की टँकर येत असे. मी बरोबर टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे यंत्र, नेला होता (पत्नीच्या मते ही माझी विकृती आहे). नोव्हेंबरअखेर न्हाणीघरातल्या नळाचे पाणी ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२० भाग क्षार) होते आणि २ फेब्रुवारीला ११५०. पिण्यासाठी भारतीय मानकाची इष्ट मर्यादा ५०० आहे, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालते. अंघोळीला त्याने अपाय होत नाही, पण केस चिकटतात आणि साबणाला फेस येत नाही. किनाऱ्याजवळच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते आणि उपशाने त्याची पातळी एक मीटर उतरली, तर हिशेबाने खालची खारी सीमा सुमारे ४० मीटर वर चढते. अंदमानात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तरी जानेवारीनंतर विहिरी खारावतात त्या यामुळे. बडोद्याच्या आजवा तलावाच्या पाण्यावर पोसलेल्या जिभेला तिथला चहा शेवटपर्यंत पटला नाही. अशा ठिकाणी पोहण्याचा तलाव मात्र काठोकाठ भरलेला असे, आणि खोलीच्या खिडकीतून तो रोज पाहताना मला बरे वाटत नसे.

‘खोलीतून सरळ समुद्रात’ हे वाक्य अर्धे खरे आहे. विजयनगरला ओहोटीत पाणी दूर जाते आणि मागे खडक, मृत प्रवाळ व गुडघाभर डबकी उरतात. पोहायचे ते भरतीच्या अलीकडे-पलीकडे दोन-दोन तास. भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, त्यामुळे एका आठवड्यात सकाळी छान पोहता आले तर पुढच्या आठवड्यात त्याच वेळी चिखल तुडवावा लागतो. तिथीला पाऊणने गुणून आणि स्थानिक फरक मिळवून भरतीची वेळ काढण्याचा कोकणातला जुना हिशेब पत्नीला तिच्या आजोळामुळे ठाऊक होता. चार-पाच दिवस घड्याळ लावून तिने तो फरक काढला आणि पुढे रिसॉर्टचे पाहुणे तिलाच भरतीची वेळ विचारू लागले. आम्हा बडोदेकरांना ओहोटीची नवलाई नाही. जंबुसरजवळ कावी-कंबोईला स्तंभेश्वराचे देऊळ भरतीत बुडताना आणि पुन्हा वर येताना लहानपणापासून पाहिले आहे. खंबातच्या आखातापुढे अंदमानची भरती अगदीच लहान, उधाणालाही दोनेक मीटरच्या आसपास. पण किनारा इतका उथळ आहे की तेवढ्याने शंभर-दीडशे पावलांचा फरक पडतो.

घड्याळाची गंमत वेगळीच. बेट बडोद्याच्या सुमारे २० अंश पूर्वेला, पण वेळ तीच भारतीय प्रमाणवेळ. डिसेंबरात साडेपाचला सूर्य वर येतो आणि पाचला मावळतो. न्याहारी मात्र साडेसातला सुरू होई, म्हणजे उजाडल्यावर दोन तासांनी, आणि तोवर आम्ही दोघे जेवणघराच्या पायरीवर नैवेद्याची वाट पाहणाऱ्या भटजींसारखे बसलेले असू. दोन आठवड्यांनी स्वयंपाक्याने सहा वाजता चहा आणि टोस्ट द्यायला सुरुवात केली. ही सोय मागितल्याशिवाय मिळत नाही, तेव्हा पहिल्याच दिवशी मागावी.

वाळूमाश्यांनी पत्नीच्या घोट्यांची चाळण केली. त्या इतक्या लहान असतात की दिसत नाहीत, पहाटे आणि संध्याकाळी ओल्या वाळूवर चावतात आणि खाज आठवडाभर टिकते. खोबरेल तेलाचा जाड हात फिरवला की बऱ्याच अंशी वाचता येते. मगरींचे इशारे देणारे फलक मी सुरुवातीला हसून वाचले, कारण बडोद्यातल्या विश्वामित्री नदीत मगरी पाहतच आपण वाढलो आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या वस्त्यांपर्यंत आल्याचेही पाहिले. पण तिथली खाऱ्या पाण्यातली मगर आपल्या नदीतल्या मगरीहून फार मोठी आणि धीट असते, त्यामुळे खाडीच्या मुखाकडे आम्ही फिरकलो नाही.

जेवणाबद्दल थोडक्यात सांगतो. रिसॉर्टची थाळी महिन्याभरात तोंडपाठ होते आणि भाजी मुख्य भूमीवरून जहाजाने येत असल्यामुळे जहाज लांबले की बटाटा, पुन्हा बटाटा. बेटावरची गावे १९५० च्या दशकात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी वसवलेली आहेत, त्यामुळे गोविंदनगरच्या बाजारातल्या खाणावळीत मासे आणि भात फार चांगला मिळे, तोही निम्म्या किमतीत. मी तिथे जाई; शाकाहारी पत्नीला दर गुरुवारी रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात साबुदाण्याची खिचडी करू देत.

इंटरनेटची कथा अशी की ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झालेली केबल चेन्नईहून समुद्राखालून सुमारे २३०० किलोमीटरच्या जाळ्याने अंदमानच्या बेटांना, स्वराज द्वीपालाही, जोडते. ती स्वागतकक्षापर्यंत सुखरूप पोहोचते आणि तिथून खोलीपर्यंतचे शंभर मीटर तिला जड जातात. माझे अहवाल मी स्वागतकक्षातल्या वेताच्या खुर्चीवर बसून पाठवले. वीज डिझेलवर चालणाऱ्या वीजघरातून येते आणि जाते. जनरेटर कोणत्या खोलीच्या मागे आहे हे आरक्षणापूर्वी विचारावे, कारण नऊ नंबरच्या खोलीतली माणसे दोन रात्रींत बदलत असत.

कर्मचाऱ्यांविषयी माझी काहीच तक्रार नाही. चूक झाली की ती मान्य करत आणि दुरुस्तीचे अधिकार हाती नसताना जेवढे करता येईल तेवढे करत. निघताना बॅगेत समुद्राकाठी वेचलेले प्रवाळाचे तुकडे राहिले नाहीत ना, हे त्यांनी दोनदा बजावून विचारले, कारण विमानतळावर ते काढून घेतात आणि प्रकरण तेवढ्यावरच थांबेल असे नसते.

घरी आल्यावर छत्रीच्या काड्या गंजून मोडल्या, बॅगेची चेन महिन्याभराने अडकली, आणि लॅपटॉपच्या एका पोर्टमध्ये हिरवट बुरशीसारखे काहीतरी आढळले, तो तांब्याचा गंज होता. पत्नीचा सायनस मात्र जूनपर्यंत शांत राहिला, त्यामुळे या हिशेबात माझी बाजू लंगडी पडते आणि येत्या नोव्हेंबरचे आरक्षण आम्ही करून टाकले आहे. दुसऱ्या रांगेतली तीच खोली हवी, असे व्यवस्थापकांना लिहिले होते. त्यांनी उत्तरासोबत एसीच्या बाहेरच्या युनिटचा, नुकताच धुतलेला, फोटो पाठवला. कॉइल नवे दिसते; त्यातले चार स्क्रू मात्र जुनेच आहेत, तसे मी त्यांना उलट कळवले आहे.