एचओ लेआउटचे फोटो गटात पाठवताना: जुना फोन, दोन एलईडी पॅनल, आठ महिने

मॉडेल रेल्वेचा माझा लेआउट, म्हणजे छोट्या रुळांचा आणि गाड्यांचा देखावा, त्याचे फोटो फोनने कसे काढतो आणि छंदाच्या गटात कसे पाठवतो ते इथे सांगतो. आधी सामान. मॅन्युअल मोड असलेला चार वर्षं जुना फोन, वीतभर उंचीचा टेबल ट्रायपॉड, स्क्रूने आवळायचा फोन क्लॅम्प, बॅटरीवर चालणारी दोन छोटी एलईडी पॅनल, ब्लूटूथ बटण, उजेड परतवायला (रिफ्लेक्टर म्हणून) सनबोर्डचे, म्हणजे फोमच्या पाटीचे, दोन पांढरे तुकडे, बटर पेपर, मेकअपचा मऊ ब्रश आणि रंग बरोबर जुळवायला एक राखाडी ग्रे कार्ड. फोन सोडून साधारण पाच हजारांचा खर्च. लेआउट एचओ स्केलचा, म्हणजे खऱ्याच्या १:८७ मापाचा. खंडाळ्याच्या धर्तीवरचा घाट, एक बोगदा, एक कमानींचा पूल, एक छोटं स्टेशन. आठ महिन्यांत फोन बदलावासा वाटला नाही. क्लॅम्प आणि रिफ्लेक्टर बदलावे लागले, आणि फोटो पाठवायची पद्धत तर मुळापासून बदलली.

सगळ्यात मोठा फरक पडतो तो कॅमेऱ्याच्या उंचीने. उभं राहून वरून काढलेल्या फोटोत गाडी खेळण्यातलीच दिसते, कारण रुळाच्या कडेला उभ्या माणसाला ती तशी कधी दिसतच नाही. दीड मीटरवरचे डोळे १:८७ मध्ये जमिनीपासून १७ मिमीवर येतात. फोन आडवा धरताना लेन्सची बाजू वर राहिली, तर लेन्स साधारण ६ सेंमीवर असते. खऱ्या मापात ते ५.२ मीटर झाले, म्हणजे वरच्या मजल्याची खिडकी. फोन पलटवून लेन्सची बाजू खाली घेतली की तीच लेन्स १५ मिमीवर, म्हणजे १.३ मीटरवर येते. कव्हर काढून टाका. ते दोन मिमी खातं आणि दोन मिमी म्हणजे इथे १७ सेंमी. इतक्या खाली ट्रायपॉड जात नाही. फोन सरळ लेआउटवर ठेवायचा, खाली जाड पुठ्ठा आणि पाठीला तांदळाची छोटी पुरचुंडी. पुठ्ठा विसरलात तर फोनच्या कडेला बॅलास्टचे (रुळाखालच्या खडीचे) दाणे चिकटून येतात.

घाटाच्या फोटोत आणखी एक गंमत होते. चढ १:३७ आहे, म्हणजे एका मीटरला २७ मिमी. फोटो सरळ करताना हात आपोआप रूळ आडवे करतो आणि घाट सपाट होऊन जातो. फोटो सरळ करायचा तो पुलाच्या खांबावरून किंवा सिग्नलच्या पोस्टवरून, रुळावरून नाही.

समोरून, अगदी रुळांच्या मधून काढलेला फोटो भारतीय मॉडेलला मानवत नाही. आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिमीचा. १:८७ मध्ये तो १९.३ मिमी व्हायला हवा, पण बहुतेक मॉडेल १६.५ मिमीच्या तयार ट्रॅकवरच चालतात. समोरून पाहिलं की डब्याच्या रुंदीपुढे ट्रॅक अरुंद असल्याचं लगेच कळतं. थोडं तिरकं, इंजिनाचा चेहरा आणि एक बाजू दिसेल असं उभं राहिलं की तो पावणेतीन मिमीचा फरक कोणी मोजत बसत नाही. माथेरानच्या गाडीचं उलटं होतं. ६१० मिमीच्या गेजला इथे ७ मिमी हवेत, मॉडेल ९ मिमीच्या ट्रॅकवर बसवलं तर समोरून ते जास्तच ऐसपैस दिसतं.

लेन्स कोणती? मुख्य कॅमेरा १२-१५ सेंमीवर आणला की इंजिनाचं नाक फुगतं आणि मागचे डबे खेळण्यातले होतात. ४०-५० सेंमी मागे जाऊन २एक्स घ्या, प्रमाण बरोबर दिसतं. ३एक्सची वेगळी टेलिफोटो लेन्स असेल तर सावध राहा. तिला जवळचा फोकस जमत नाही, आणि अशा वेळी कित्येक फोन न सांगता मुख्य कॅमेऱ्याचंच चित्र कापून मोठं करून दाखवतात. तपासणी सोपी: टेलिफोटोवर बोट ठेवा. स्क्रीन काळी झाली नाही तर चित्र तिच्यातून येत नाहीये.

आता फोकस. इतक्या जवळून इंजिनाच्या तोंडावरचा बफर (धक्का झेलणारा गोल दांडा) स्पष्ट केला की तिसरा डबा धूसर होतो. ही धूसर पार्श्वभूमी माणसाच्या फोटोत शोभते. इथे मात्र तिच्यामुळेच वस्तू चिमुकली आहे हे उघड होतं, कारण खरी गाडी वीस-तीस मीटरवरून पाहताना पुढून मागपर्यंत स्पष्ट दिसते. यावर उपाय एकच, फोकस स्टॅकिंग: वेगवेगळ्या अंतरांवर फोकस केलेल्या फ्रेम जोडून पूर्ण स्पष्ट असं एक चित्र बनवणं. आयएसओ ५० किंवा १००, व्हाइट बॅलन्स ५६००वर पक्का, शटर पक्का, एचडीआर आणि ‘सीन’ ओळखणारी सुविधा बंद. ती चालू राहिली तर स्टॅटिक ग्रासला (उभ्या धाग्यांच्या कृत्रिम गवताला) शेत समजून फोन ते पोपटी करून टाकतो. मग मॅन्युअल फोकसची पट्टी सगळ्यात जवळच्या वस्तूपासून सुरू करून थोडी थोडी पुढे न्यायची आणि प्रत्येक टप्प्यावर ब्लूटूथ बटणाने एक फ्रेम. ४० सेंमी खोलीच्या देखाव्याला १० ते १४ फ्रेम पुरतात. पुढची वस्तू लेन्सपासून १० सेंमीच्या आत असेल तर २० लागतात. फोकस सरकतो तसा चित्राचा आकारही किंचित बदलतो, म्हणून चारही कडांना दहा टक्के जागा मोकळी सोडा. जोडताना ती कापली जाते.

जोडायला हेलिकॉन फोकस हे सॉफ्टवेअर सोपं आहे, पण त्याला पैसे पडतात. हगिन या फोटो जोडायच्या सॉफ्टवेअरसोबत येणारं एनफ्यूज फुकट आहे आणि तेच जास्त वापरलं. आधी फ्रेम एकमेकींवर जुळवून घ्यायच्या. मग एनफ्यूजमध्ये एक्स्पोजर आणि सॅच्युरेशनचं वजन ०, कॉन्ट्रास्टचं १, आणि हार्ड मास्क चालू. हार्ड मास्क विसरलं की सगळं चित्र दुधाळ येतं. ओव्हरहेडच्या विजेच्या तारा आणि मास्ट (त्यांचे खांब) यांच्याभोवती मात्र पांढरट कडा राहतात. जवळची तार धूसर असते तेव्हा ती पसरून मागच्या आकाशाचा पट्टा झाकते, आणि त्या पट्ट्याचं स्पष्ट चित्र एकाही फ्रेममध्ये नसतं. मधल्या फ्रेम वाढवल्या की कडा कमी होतात, पूर्ण जात नाहीत. त्या हातानेच पुसाव्या लागतात.

आणि पंखा बंद करा. स्पंजची झाडं आणि गवताच्या टोकांचे केस हलतात. बारा फ्रेम जोडल्यावर प्रत्येक झाडाला दोन शेंडे येतात. मे महिन्यात हे जिवावर येतं, पण इलाज नाही.

उजेडाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण निम्मं यश तिथे आहे. सूर्य एक, तेव्हा सावलीही एकच हवी. दोन पॅनल दोन्हीकडून सारख्या ताकदीने लावली की प्रत्येक खांबाला दोन सावल्या पडतात आणि खेळ उघडा पडतो. एक पॅनल मुख्य, सव्वा ते दीड मीटर अंतरावर, वरून ४५ अंशांत. जवळ आणलं तर इंजिन झगमगतं आणि पाचवा डबा अंधारात जातो, कारण अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा उरतो. दुसरं पॅनल सनबोर्डवर मारून परतलेला उजेड सावलीत सोडायचा. पॅनलवर बटर पेपर. खोलीतली ट्यूब बंद. ट्यूब आणि एलईडी एकत्र आले की एका बाजूला हिरवट झाक येते, ती नंतर निघत नाही. आयसीएफच्या (चेन्नईच्या डबे कारखान्याच्या) निळ्या डब्यावर ही झाक पटकन कळते. पहिल्या फ्रेमला ग्रे कार्ड ठेवलं की निळा, मरून, बॉक्सएन या मालगाडीच्या वाघिणीचा तपकिरी, सगळे रंग नंतर जागेवर आणता येतात. गटात कोणी रंगाचा शेड विचारला तर तेव्हाच खरं उत्तर देता येतं.

पॅनलचा उजेड कमी करायचा असेल तर बटणाने करू नका, पॅनल मागे न्या. स्वस्त पॅनल मंद केलं की आतून ते भराभर चालू-बंद होत असतं आणि फोटोत आडवे पट्टे उमटतात. घरच्या विजेवरचा दिवा वापरायचा झाला तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. १/६० किंवा १/१२० ठेवलंत तर तेच पट्टे. आकाशाचा पडदा फ्लेक्सवर छापलेला असेल तर मधोमध चकाकणारा गोळा येतो. मॅट व्हिनाइल किंवा रंगवलेली भिंत बरी. गाडी पडद्यापासून निदान ३० सेंमी पुढे ठेवा. आकाशावर डब्याची सावली पडली की फोटो वाया गेला.

डोळा जे माफ करतो ते कॅमेरा करत नाही. इमारत आणि जमीन यांमधली फट, पातळ केलेलं फेविकॉल एका जागी साचून आलेली चकाकी, छतावरची धूळ, पूर्ण न जुळलेला कपलर (डबे जोडणारा हूक). सगळ्यात जास्त वेळा सापडतं ते बोगीचं (डब्याखालच्या चाकांच्या गाड्याचं) एक चाक रुळाखाली उतरलेलं. दिसायला अर्धा मिमी, पण डबा किंचित झुकतो आणि गटातली जुनी मंडळी पहिल्या मिनिटात विचारतात. म्हणून स्टॅक सुरू करण्याआधी एक फ्रेम काढून ती पूर्ण मोठी करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहायची. रुळाची उंचीही अशीच दिसते. मीटरला ६० किलो वजनाचा खरा रूळ १७२ मिमी उंच, म्हणजे इथे जवळपास २ मिमी. मॉडेलचा कोड १०० चा रूळ (कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागांत) २.५४ मिमीचा. बाजूंना गंजाचा तपकिरी रंग दिला की ही जादा उंची बरीच लपते. चकचकीत ठेवलात तर लपत नाही.

आठ महिन्यांत काय टिकलं? ट्रायपॉड ठणठणीत आहे. पहिल्या क्लॅम्पचं रबर उन्हाळ्यात मऊ पडलं आणि स्टॅकच्या मध्येच फोन एक-दोन मिमी घसरू लागला. सॉफ्टवेअर एवढं सावरून घेत नाही. धातूचा क्लॅम्प घेतल्यावर तो प्रश्न संपला. एका पॅनलचं चार्जिंगचं भोक सैल झालं, आता वायर विशिष्ट कोनात धरावी लागते. पावसाळ्यात बटर पेपर दमट होऊन लाटा येतात, तो दोन महिन्यांनी बदलायचा. रिफ्लेक्टरला आधी थर्माकोल होतं. ते घेऊ नका. कापलेल्या कडेचे पांढरे मणी स्टॅटिक ग्रासला असे चिकटतात की ब्रशनेही निघत नाहीत, चिमट्याने एकेक वेचावे लागतात.

आता पाठवणं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून टाकला की लांबीला सुमारे १६०० पिक्सेल उरतात. २० सेंमीच्या इंजिनाने फोटोची ८० टक्के लांबी व्यापली असेल तर एका मिमीला ६.४ पिक्सेल आले. इंजिनाचा नंबर वाचता येतो, पण ०.३ मिमीची डब्यावरची बारीक अक्षरं दोन पिक्सेलांत संपतात. ४००० पिक्सेलांच्या मूळ फाइलमध्ये त्यांना पाच पिक्सेल मिळतात. डिकॅल (डब्यावर चिकटवायची छापील अक्षरं) कोणी बनवले हे विचारणाऱ्याला तो फरक हवा असतो. एचडी पर्याय बरा, तरी दाब पडतोच. जशीच्या तशी फाइल जाते ती डॉक्युमेंट म्हणून.

पण डॉक्युमेंटसोबत फोटोतली जागेची नोंदही जाते. साध्या फोटोतून ती निघून जाते, यातून नाही. ज्या खोलीत महागडी इंजिनं कपाटात आहेत तिचा पत्ता दीडशे जणांना कळायला नको. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन कायमचं बंद करा. आयफोनवाल्यांनी फॉरमॅट ‘मोस्ट कम्पॅटिबल’ ठेवावा, नाहीतर जुन्या विंडोजवर फाइल उघडत नाही. संगणकावरून फाइल काढताना रंग एसआरजीबीत (स्क्रीनवरच्या नेहमीच्या रंगपद्धतीत) ठेवा. ॲडोबी आरजीबीत ठेवलेला फोटो काही ठिकाणी फिका दिसतो. क्रमाने पाहायचे पंधरा-वीस फोटो असतील तर गूगल फोटोजचा शेअर केलेला अल्बम सोयीचा, फक्त ती जागा तुमच्या १५ जीबीतून जाते.

गटाला उपयोग होतो तो देखण्या फोटोपेक्षा कामाच्या फोटोचा, हे लाइक मोजून कळत नाही, पण नंतर येणाऱ्या प्रश्नांवरून कळतं. बेसबोर्डखालची (लेआउटच्या फळीखालची) वायरिंग, रूळ बदलणाऱ्या पॉइंट मोटरची बैठक, बॅलास्ट चिकटवण्याआधी आणि नंतर. अशा फोटोत माप हवं. नाणं ठेवू नका. रुपयाचं एक नाणं २५ मिमीचं, दुसरं २२ मिमीचं, पाहणाऱ्याला कुठलं ते कळत नाही. स्टीलची पट्टी ठेवा, वस्तूच्याच पातळीवर, मागे नाही. सोबत चार ओळी: स्केल, ट्रॅकचा कोड, रंगाचं नाव, फेविकॉल आणि पाण्याचं प्रमाण (एकास एक, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब), आणि कुठे फसलं. शेवटची ओळ बहुतेक जण गाळतात. एकाच कोपऱ्याची प्रगती दाखवायची असेल तर ट्रायपॉडच्या तीन पायांच्या जागा मास्किंग टेपने खूण करून ठेवा, म्हणजे महिन्याने काढलेला फोटो आधीच्या फोटोवर बरोबर बसतो.

स्टॅकच्या मूळ फ्रेम पाठवल्या पाठवल्या पुसू नका. चौदा फ्रेम मिळून साठ-सत्तर एमबी होतात. मास्टच्या कडेला राहिलेली पांढरी रेघ दुसऱ्या दिवशी कोणीतरी दाखवतोच, आणि ती दुरुस्त होते ती याच फ्रेममधून.