सवयींची वही: घर साडेतीन मिलिमीटरचं की सहाचं?

सवयी नोंदवायच्या छापील वह्या, म्हणजे 'हॅबिट ट्रॅकर', बऱ्याचदा ए५ आकारात येतात: १४८ बाय २१० मिलिमीटर. कव्हरवरची सुभाषितं सोडा, आधी आतलं एक पान उघडून तारखा आडव्या आहेत की उभ्या ते पाहा. आडव्या असतील तर सवयीच्या नावाला चाळीसेक मिलिमीटर गेल्यावर उरलेल्या जागेत ३१ घरं कोंबलेली असतात. एक घर जेमतेम साडेतीन मिलिमीटरचं. तिथे केलेली 'बरोबर'ची खूण शेजारच्या तारखेत घुसते आणि महिनाअखेरीला १७ चुकली की १८, हे कळत नाही. तारखा वरून खाली उतरत असतील तर घर सहाच्या आसपास मिळतं. घ्यायची तर अशीच घ्या.

बॉलपेन वापरणार असाल तर ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) कागद पुरतो. जेलची शाई मात्र वही लगेच मिटली की समोरच्या पानावर उमटते. बांधणी स्पायरल किंवा मध्ये शिवलेली बरी. पाठीला नुसती चिकटवलेली वही सपाट उघडी राहत नाही, आणि या वहीचं अर्धं काम उघडं पडून राहण्याचंच आहे. कपाटात गेली की संपली.

छापणारे बारा-पंधरा सवयींची जागा देतात. ती सगळी भरण्याचा मोह हा या वहीचा सगळ्यात मोठा दोष. तीन रकाने भरा, बाकी कोरे ठेवा. रकान्यावर 'व्यायाम' असं लिहू नका, कारण किती केला म्हणजे झाला हे रोज नव्याने ठरवावं लागतं आणि थकलेल्या माणसाचा निर्णय ठरलेलाच. 'दात घासले की १० बैठका' असं लिहा: आधीचं रोजचं काम, मग नवं, तेही मोजता येईल असं. 'मोबाईल कमी' यावरही खूण करता येत नाही. 'रात्री १० ला फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला' यावर येते.

२१ दिवसांत सवय लागते असं धरून काही वह्यांत '२१ दिवसांचं आव्हान' असं वेगळं पान असतं. ते फाडून टाकलं तरी चालेल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा ९६ जणांवरचा अभ्यास २०१० साली छापून आला. त्यात सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ १८ ते २५४ दिवस असा पसरलेला निघाला, मध्यक (सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) ६६. (नोंदी ८४ दिवसांच्याच होत्या, त्यामुळे त्यापुढचे आकडे गणिताने काढलेले.) त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही असंही दिसलं. म्हणून 'साखळी तुटू देऊ नका' असं ठळक छापलेली वही उलटी पडते: एक घर रिकामं राहिलं की पुढचा आठवडाच सोडून दिला जातो.

त्यापेक्षा तीन खुणा ठरवा. पूर्ण झालं तर फुली, १० ऐवजी दोनच बैठका झाल्या तर एक तिरकी रेघ, ठरवून घेतलेल्या सुट्टीला टिंब. रिकामं घर म्हणजे खरोखर चुकलेलं. शेरा लिहायला जागा असेल तर चुकल्याचं कारण दोन शब्दांत टाका. 'उशीर झाला' महिन्यात चारदा आलं की दोष इच्छाशक्तीचा नसतो, वेळ चुकीची निवडलेली असते. सवय दुसऱ्या कामाला जोडा.

खूण काम संपल्यावर तिथल्या तिथे करायची, त्यामुळे पेन वहीलाच दोरीने बांधलेलं हवं. रविवारी बसून आठवड्याच्या खुणा आठवून भरल्या तर त्या निव्वळ अंदाज.

मनःस्थिती रंगवायची पानं, स्टिकर, वर्षाची स्वप्नं वगैरे भरताड आहे. वहीची जाडी त्यानेच वाढते. तारखा छापलेल्या वहीपेक्षा कोऱ्या तारखांची घ्या, मध्येच सुरुवात केली तर पानं वाया जात नाहीत. आणि उभ्या तारखांची मिळालीच नाही, तर चौकटीच्या वहीत ३१ ओळी आणि तीन रकाने पट्टीने आखायला पाच मिनिटं लागतात.