जीसीसीमधील डिफाइन-पीपहोल-२ : उपयुक्त, पण निष्काळजीपणा न खपवणारी सोय

जीसीसी या कंपायलरच्या मशीन डिस्क्रिप्शनमध्ये (प्रोसेसरच्या सूचनांचे वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये) पीपहोल, म्हणजे लागोपाठच्या काही सूचनांच्या जागी अधिक चांगल्या सूचना घालण्याचा नियम, लिहिण्याचे दोन मार्ग आहेत. त्यांपैकी जुना डिफाइन-पीपहोल थेट असेंब्लीचा मजकूर छापतो, त्यामुळे नव्या कामासाठी त्याचा विचारही करू नये. डिफाइन-पीपहोल-२ मात्र आरटीएलच्या (जीसीसीच्या अंतर्गत सूचना-भाषेच्या) जागी आरटीएलच ठेवतो आणि रजिस्टर वाटप झाल्यानंतर, पण शेवटच्या शेड्युलिंगच्या (सूचनांचा क्रम ठरवण्याच्या) आधी चालतो. म्हणून बदललेल्या सूचनांची फेरमांडणी पुढेही होऊ शकते.

या सोयीचा खरा कस एक्स८६ प्रोसेसरांवर लागतो. ईएएक्स या रजिस्टरमध्ये शून्य भरणारी ५ बाइटांची मूव्ह सूचना काढून २ बाइटांची झॉर सूचना घालणे वरकरणी बिनधोक वाटते, परंतु झॉर फ्लॅग (आधीच्या गणिताच्या निकालाच्या खुणा) बदलते. त्यामुळे त्या ठिकाणी फ्लॅग रजिस्टर पुढे कोणाला लागणार नाही, हे पीप२_रेग्नो_डेड_पी या फंक्शनने तपासावेच लागते. या फंक्शनला दिलेला आकडा ‘कितव्या सूचनेच्या आधी’ असा वाचायचा असून मोजणी शून्यापासून होते. ही अट विसरल्यास कंपायलर तक्रार करत नाही, फक्त चुकीचा कोड तयार करतो.

तात्पुरते रजिस्टर हवे असल्यास ते मागण्यासाठी मॅच_स्क्रॅच आहे, आणि ती सोय उत्तम आहे. पीपहोलमध्ये लिहिलेला सूचनांचा नमुना जुळला नाही तर मात्र कारण कोणी सांगत नाही. डंप (कंपायलरने त्या टप्प्यावर लिहून ठेवलेली सूचनांची नोंद) उघडून सूचना खरोखर लागोपाठ आहेत का, हे स्वतःच पाहावे लागते. जे काम कंबाइन पास (एकमेकींवर अवलंबून असलेल्या सूचना एकत्र करणारा कंपायलरचा टप्पा) करू शकतो, त्यासाठी मी डिफाइन-पीपहोल-२ सुचवणार नाही; एकमेकींवर अवलंबून नसलेल्या शेजारच्या दोन लोड (मेमरीतून वाचणाऱ्या) सूचना जोडण्यासारख्या कामांसाठी जरूर सुचवेन.