दापोलीतलं फ्लेक्सचं दुकान, पोरांच्या इतिहास प्रदर्शनाचे बोर्ड केले, ४ स्टार

लेकीच्या नववीच्या वर्गाने शाळेत प्रदर्शन लावलं होतं, आपल्या किनाऱ्यावर कंपनी सरकार कसं शिरलं ते, आणि त्याचे सगळे बोर्ड बाजारपेठेतल्या फ्लेक्सच्या दुकानातून करून घेतले. वाढदिवस नि निवडणुकीचे बॅनर छापणारा माणूस, त्याला काय इतिहासाचं जमणार असं दोघातिघांनी ऐकवलं, पण एवढ्यासाठी चिपळूणला कोण जाणार.

काम एक नंबर. फ्लेक्स नको, सनबोर्ड (फोमचा हलका, ताठ बोर्ड) घ्या हे दुकानवाल्या काकांनीच सुचवलं, फ्लेक्सला टांगायला दोऱ्या लागतात, सनबोर्ड बाकावर टेकवला की उभा. लॅमिनेशनही मॅट घ्या म्हणाले, ग्लॉसीवर ट्यूबलाईट चमकते आणि मागच्यांना वाचताच येत नाही. पोरांनी हर्णै बंदरातून काढलेले सुवर्णदुर्गाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते, ते मोठे केल्यावर फाटायला लागले, तर काकांनी ते न छापता डॉक्युमेंट म्हणून परत मागवले. दुसरा कोणी तसेच छापून मोकळा झाला असता.

खरी डोकेदुखी मराठीची. मोबाईलवर टाईप केलेला मजकूर यांच्या कोरलड्रॉमध्ये, म्हणजे डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये, टाकला की रफार तुटतात, आणि आमचा विषयच सुवर्णदुर्ग नि विजयदुर्ग, म्हणजे प्रत्येक बोर्डावर बोंब. शेवटी ऑपरेटरने सगळं परत हाताने टाईप केलं, पण शुद्धलेखन तो बघत नाही, तुम्हालाच शेजारी स्टूल घेऊन बसावं लागतं.

त्यात मजा झाली. टाईप करता करता तो थांबला, "१७५५ ला इंग्रजांनी सुवर्णदुर्ग घेतला तेव्हा पेशवे त्यांच्या बाजूने? काय लिहिलंय हे, गावात भांडणं लावाल!" मग लेकीनं नि तिच्या मैत्रिणीनं तिथेच त्याचा क्लास घेतला, की मराठा आरमाराचा प्रमुख तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हता, त्याच्या आरमाराने कंपनीची जहाजं हैराण होती, म्हणून दोघे एक झाले, कंपनीच्या आरमाराच्या कमोडोर जेम्सने समुद्रातून तोफा डागल्या, किल्ला पडला. पुढच्या वर्षी इंग्रजांच्याच वॉटसन नि क्लाईव्हने विजयदुर्ग घेतला, आंग्र्यांचं आरमार तिथे जळालं, आणि मग तह करून कंपनीने विजयदुर्ग पेशव्यांना सोडला नि बाणकोटचा किल्ला ठेवून घेतला, फोर्ट व्हिक्टोरिया म्हणून. "म्हणजे आपलं आरमार आपणच बुडवलं की!" "तेच खालच्या बोर्डावर आहे दादा, टाईप करा पुढे."

फुकटात रंगीत तालीम झाली म्हणा ना. शाळेत सातवीच्या एका पोराने नेमकं हेच विचारलं तेव्हा दोघी जराही अडखळल्या नाहीत, आणि एक सर बाजीराव नि नानासाहेब यांत घोळ घालत होते त्यांनाही नीट सांगितलं, १७५५ ला नानासाहेब. १८१८ ला पेशवाई गेल्यावर दापोलीत इंग्रजांनी लष्करी कॅम्प टाकला त्या बोर्डापुढे सगळ्यात गर्दी, गावचं नाव दिसलं की माणसं थांबतातच.

एक स्टार कापला तो वेळेसाठी. संध्याकाळी देतो म्हणाले आणि लाईट गेली म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी दिले, तेही बेल व्हायच्या जरा आधी, बाईंचा जीव टांगणीला. बिल साध्या चिठ्ठीवर देतात, शाळेच्या ऑफिसला ते चालत नाही, पक्कं बिल आधीच मागून ठेवा. आणि बोर्ड बाईकवर आणू नका, कोपरे दुमडतात, रिक्षा करा.