‘बॅलिस्टिक’ सॅक: चार तारे, आणि दुकानातल्या पोराला एक चहा

सॅक भाच्याची, पैसे माझे. बत्तीसशे रुपये. आतल्या पट्टीवर ‘१६८०डी बॅलिस्टिक नायलॉन’ असं छापलंय. दुकानातल्या पोरानं ते वाचून दाखवलं आणि वर म्हणाला, “काका, बुलेटप्रूफ कापड आहे.” मी सॅक दोन बोटांवर उचलून पाहिली. एवढ्या हलक्या कापडानं गोळी अडली असती, तर आमच्या माना कशाला आखडल्या असत्या?

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. काश्मीरमध्ये डोक्यावर गोळी अडवणारा ‘पटका’ असायचा. कपाळापुढे पोलाद, मागे पोलाद, माथा उघडा, वजन अडीच किलोच्या घरात. नाव पागोट्याचं, वजन वरवंट्याचं. ड्यूटीवरून येऊन तो काढला की कपाळावरचा वळ जेवण होईपर्यंत जायचा नाही.

तर ‘बॅलिस्टिक’ची गोष्ट अशी. दुसऱ्या महायुद्धात विमानातल्या सैनिकांच्या जाकिटांसाठी हे जाड नायलॉन वापरायचे. तेही तोफगोळ्याच्या उडत्या किरचांसाठी, बंदुकीच्या गोळीसाठी नव्हे. पुढे केव्लार नावाचा जास्त चिवट धागा आला, जाकिटातून हे कापड गेलं आणि बॅगांवर नाव तेवढं राहिलं. १६८० म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा धाग्याच्या जाडीचा आहे, गोळीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

भाचा इंजिनिअरिंगला आहे, सहज ऐकणारा नाही. “मामा, आत लॅपटॉप, वर पुस्तकं, मध्ये आजीचा तवा घातला तर?” तव्यावर मी जरा थांबलो, कारण हा प्रश्न रंगरूटही विचारायचे. एके सत्तेचाळीसची गोळी सेकंदाला सातशे मीटरच्या वर वेगानं निघते. भाकरीचा तवा तिला थोपवत नाही. बिडाचा असेल तर फुटतो आणि तुकडे आपल्याच अंगात घुसतात. चिलखताचं पोलाद वेगळं, त्याला तापवून-विझवून कडक केलेलं असतं. फौजेच्या जाकिटात पुढे सिरॅमिकची पाटी असते, ती गोळीचं टोक चुरते. मागचे धाग्यांचे थर उरलेला चुरा झेलतात. दोन्ही कामं लागतात, तवा एकही धड करत नाही. मोटारसायकलचं हेल्मेट म्हणाल तर आत थर्माकोल. रस्त्यावर डोकं आपटलं तर जीव वाचवेल, गोळीपुढे त्याचा पापड होईल.

मग साध्या वस्तूंपैकी चालतं काय? वाळूचं पोतं. आमचे मोर्चे, म्हणजे आड घेऊन बसायच्या जागा, त्याचेच. वाळूचे कण सरकतात, घासतात, गोळीचा जोर खाऊन टाकतात, आणि पोतं फाटलं तरी वाळू बरीचशी जागेवरच राहते. गाडीचं दार नुसता पत्रा आहे. आड घ्यायचीच वेळ आली तर इंजिनाच्या बाजूला बसायचं. यातलं काहीही पाठीवर घेऊन कॉलेजला जाता येत नाही.

आता सॅक. तीन महिने झाले. सातारा-पुणे एसटीच्या रॅकवर घासून, पत्र्याच्या कडेला अडकून एक धागा निघालेला नाही. परवा भर पावसात भिजली, आत वह्या कोरड्या होत्या. खांद्याचे पट्टे रुंद आहेत, शिलाई दुहेरी, पट्टा जिथे जोडलाय तिथे चौकोनात फुली मारून शिवलेलं. आमच्या पिठ्ठूला, म्हणजे फौजेतल्या पाठीवरच्या सॅकला, असंच असायचं, ते बघूनच मी पैसे काढले. त्या पोराला चहा पाजून म्हटलं, “बाळा, ‘टिकाऊ’ म्हण, तेवढ्यावरही विकली जाईल.” तो हसला. माझ्या मागच्या गिऱ्हाइकाला पुन्हा बुलेटप्रूफच सांगितलं.

एक तारा कापलाय तो बाटलीच्या कप्प्यासाठी. फारच उथळ आहे. लिटरची बाटली स्वारगेटला उतरताना बाहेर पडली आणि थेट बसखाली गेली.