प्रवासात पोट साफ राहण्यासाठी: इसबगोल, पावडर की सोनामुखी?

घरी घड्याळाच्या काट्यावर पोट साफ होणारी माणसं प्रवासाच्या तिसऱ्या दिवशी अवघडलेल्या चेहऱ्याने औषधांचं दुकान शोधताना दिसतात. मी त्यांच्यापैकीच एक. त्यामुळे आता बॅग भरतानाच काय न्यायचं ते ठरवतो. यातली काही औषधं पोट अडण्याआधी घ्यायची असतात, काही अडल्यावर. इथेच बहुतेकांची गल्लत होते.

सगळ्यांच्या ओळखीचं म्हणजे इसबगोल. चमचाभर भुसा पाण्यात टाकून पाच मिनिटं विसरलात, तर पेल्यात नुसती बुळबुळीत खळ उरते. पोटातही तेच घडतं: भुसा पाणी धरून फुगतो, मल मऊ आणि भरदार होतो. गुण यायला 12 ते 72 तास लागतात. खोट एकच, त्याला पाणी लागतं. एका मात्रेला पेलाभर, म्हणजे साधारण 240 मिलि, आणि शिवाय दिवसभर. प्रवासात आपण नेमके उलटे वागतो. वाटेतली शौचालयं नकोत म्हणून पाणीच पीत नाही. एकदा रात्रीच्या बसमध्ये मी दोन घोटांवर चमचाभर इसबगोल ढकललं होतं. सकाळी पोटाचा नगारा झाला आणि साफ तर काहीच नाही. अपुऱ्या पाण्यात ते घशात किंवा आतड्यात अडकूही शकतं, म्हणून गिळायला त्रास होणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. घरी रोज घेत असाल तर प्रवासातही चालू ठेवा. नव्याने सुरू करायचं असेल तर आठवडाभर आधी, थोड्या मात्रेने. निघायच्या दिवशी नाही.

दुसरा पर्याय पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर. प्रौढांची नेहमीची मात्रा 17 ग्रॅम, पेलाभर पाण्यात. ती पूर्ण विरघळते. शरीर तिला जवळजवळ शोषत नाही, ती आतड्यात पाणी धरून ठेवते, आणि तिथले जंतू तिला आंबवत नाहीत म्हणून गॅस कमी. 1 ते 3 दिवसांत काम होतं. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या दोन मोठ्या संघटनांनी 2023 मध्ये जुनाट बद्धकोष्ठासाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात या पावडरीची शिफारस ठाम आहे, इसबगोलासारख्या तंतुमय पूरकांची त्यामानाने सौम्य. पाणी कमी पिणाऱ्या प्रवाशासाठी माझंही मत हिलाच. म्हणून पाणी टाळावं असं नाही, पण थोडं कमी पडलं तर ही इसबगोलासारखी अंगावर येत नाही. लॅक्ट्युलोजचं सिरप बरंचसं असंच काम करतं, पण गॅस धरतो आणि बाटली बॅगेत सांडते. मी नेत नाही.

सोनामुखी आणि बायसाकोडिल या गोळ्या वेगळ्या जातीच्या. त्या आतड्याला हलवतात, 6 ते 12 तासांत. रात्री घेतली की सकाळी काम. मात्र ती सकाळ कुठे उजाडणार हे आधी बघा. पहाटेची गाडी असेल तर मुरडा प्रवासातच येईल. बायसाकोडिल दूध किंवा ॲसिडिटीच्या औषधासोबत घेऊ नये, गोळीचं आवरण जठरातच विरघळतं. दोन दिवस अडलंच तर उपयोगी, रोजची सवय नको. खडा अगदी दाराशी अडला असेल तर ग्लिसरीनची सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारात सरकवायची वडी, 15 ते 60 मिनिटांत मोकळं करते. उष्ण हवेत ती बॅगेतच मऊ पडते, एवढं लक्षात ठेवा.

आणि फुकटातला उपाय, जो मी सगळ्यांच्या वर ठेवतो: सकाळचा अर्धा तास. जाग आल्यावर आणि खाल्ल्यावर मोठं आतडं आपोआप हलायला लागतं; काहींना कॉफीनेही कळ येते. नेमकी तीच वेळ आपण बॅगा आवरण्यात घालवतो. कळ दाबली की मल आत थांबतो, आतडं त्यातलं पाणी आणखी शोषून घेतं आणि उद्याचं काम आजच्यापेक्षा कठीण होतं. तेव्हा गजर अर्धा तास अलीकडे लावा, काहीतरी खा, मग जाऊन बसा. कमोड असेल तर पायाखाली स्टूल किंवा पालथी बादली घ्या; गुडघे वर आले की मार्ग सरळ होतो, कुंथावं लागत नाही.

औषधांची पिशवीही एकदा तपासा. गाडी लागू नये म्हणून घेतलेल्या बऱ्याच गोळ्या, लोहाच्या गोळ्या आणि कोडीनचं खोकल्याचं औषध पोट बांधतात. जुलाब थांबवायला घेतलेलं लोपेरामाइड तर दुसऱ्या टोकालाच नेतं.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर मॅग्नेशियमची रेचकं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. गरोदरपणात कोणतंही रेचक विचारूनच. आणि पोटात जोराने दुखतंय, उलट्या होतायत, वाराही सरत नाही, किंवा शौचातून रक्त जातंय, तर यातलं काहीच घेऊ नका. प्रवास थांबवा आणि जवळचा दवाखाना गाठा.